मांडवातले घड आणि माझा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका निर्लज्ज विद्यार्थी वसई तालुक्यात झाला नाही, आणि एवढ्या निर्लज्जपणावर एवढी माया मिळवलेलाही दुसरा झाला नाही. मी चौथी शिकलेला बागायतदार. तो एम.कॉम. करत होता, म्हणजे हिशेबाचं मोठं शिक्षण, एवढंच मला कळे. पण त्याची फी कुठून येते ते आमच्या सगळ्या गास गावाला ठाऊक होतं. लग्नाच्या मांडवाला दाराशी घडासकट केळी बांधतात ना, त्या घडांवर याचा डोळा. बोलावणं असो नसो, अक्षता पडल्या की हा वधूपित्यापुढे उभा. "काका, मुलगी दिलीत, आता घडाचा मोह कशाला?" घड राजेळी जातीचा असेल तरच हात लावायचा, कारण वाळवून सुकेळी होतात ती राजेळीचीच. मग घड खांद्यावर टाकून थेट आमच्या अंगणात. "अक्का, फी आणली गं!"

अक्का म्हणजे माझी बायको. ती घड पिकत घाली, केळी सोलून उन्हात वाळवी, वाळक्या पानात बांधून देई, आणि हा ती मुंबईत विकून कॉलेजात पैसे भरी. मी एखादं उचललं की हातावर चापट. "अहो, ठेवा! ती त्याची फी आहे." स्वतःच्या अंगणात मी चोर!

शेवटच्या वर्षी ऐन फीच्या वेळी आभाळ आलं. केळी आंबायला लागली. फी चुकली तर परीक्षा चुकणार. तिने चुलीवर कारवीच्या काठ्यांची ताटी टांगली, तिच्यावर केळी पसरली आणि जाळ घालत बसली. डोळे लालभडक. मी म्हटलं, "मला ताप आला तेव्हा पेजेखाली एवढा जाळ नव्हता."

"तुम्हाला कुठे परीक्षा होती?"

सुकेळ्यांना धुराचा वास लागला. मला वाटलं, आता बसला हा घरी. तर पठ्ठ्या 'खास धुरीची' म्हणून चढ्या भावाने विकून आला! पास झाल्यावर पहिला नमस्कार तिला, दुसरा देवाला. माझ्यापर्यंत येईस्तोवर वाकून वाकून दमला होता.

ती गेल्यापासून तो दर रविवारी येतो. डोक्यावर केस उरले नाहीत, बडबड तेवढीच. "दाजी, जेवलात का?" म्हणतो आणि तिचं लहानपण सांगत बसतो. ती चिंचेवरून पडली पण रडली नाही, मास्तरांची नक्कल करून वर्ग हसवायची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे ती लग्नानंतरची. त्याच्याकडे परकरातलीसुद्धा आहे. जळफळाट होतो माझा. पण तो चपला घालायला लागला की मीच म्हणतो, "बस रे जरा. अजून एक सांग."