चौथ्या घरी अडकलेली पाटी

नव्या वर्षात कामाच्या पहिल्या दिवशी विद्यापीठातल्या आमच्या रसायन विभागात पहिला नमस्कार होतो तो विभागप्रमुखांना नव्हे, तळघरातल्या चुंबकाला. हा शिरस्ता आमच्या तंत्रज्ञ त्सुबोउची-सान बाईंनी पाडला. माणसाच्या डोक्यावरून जाणारा तो स्टीलचा पिंप, पोटात द्रव हेलियम, पुढ्यात नैवेद्याला मोची, म्हणजे तांदळाचे दोन गोल चिकट गोळे, वर संत्रं. बाई हात जोडून म्हणतात, "आजोबा, यंदाही सांभाळून घ्या हं."

एकतीस वर्षं त्या या आजोबांचं करतायत. दर गुरुवारी नायट्रोजन, काही महिन्यांनी हेलियम. दारात घड्याळ, किल्ल्या, केसांतला आकडा काढून ठेवल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. एकदा पाहणीला आलेल्या कुलगुरूंना त्यांनी लोखंडी बकलाचा पट्टाही काढायला लावला. कुलगुरूंनी सबंध पाहणी एका हाताने पँट धरून केली. अशा या बाई विभागाच्या बैठकीत मात्र कधी बोलल्या नव्हत्या. तांत्रिक शाळेतून आलेल्या. बैठकीत त्यांचा संबंध चहापुरता.

फेब्रुवारीत आजोबांवर बालंट आलं. होरिगोमे-सेन्सेई हे आमचे नवे सहायक प्राध्यापक. डोंगरातल्या एका कडू पाल्यातून त्यांनी एक पदार्थ काढला होता आणि त्याला चिकटलेली साखर ते ओळखत होते. ग्लुकोजच असणार, पाल्यात बहुधा तीच असते, ही त्यांची खात्री. रीत अशी, की नमुना आजोबांच्या पोटात ठेवून साखरेतल्या फक्त पहिल्या हायड्रोजनला हलवायचं आणि मग रेडिओ स्पंदांची एक ठरावीक माळ लावायची. मग त्याचं चुंबकत्व शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याकडून त्याच्या शेजाऱ्याकडे, असं सरकत सहाव्यापर्यंत पोचतं. सेन्सेईंच्या आलेखात ते चौथ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

"यंत्र थकलंय," सेन्सेई म्हणाले.

"माळ जरा जास्त वेळ लावून बघा."

"लावली. एकशे वीस मिलिसेकंद! तुमचे आजोबा चौथ्या पायरीवरच धापा टाकतायत, त्सुबोउची-सान."

हे थट्टेवारी न्यायची सोय नव्हती. हेलियम मिळेनासा झाला होता, आणि पुढची मागणी नोंदवायची की नाही हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं. नाही ठरलं, तर चुंबक गरम होऊन कायमचा गप्प होणार. थकलेल्या यंत्रासाठी कोण हेलियम मागणार?

बुधवारी बाई घरी गेल्या त्या याच विचारात. गल्लीच्या प्रमुखपदाची पाळी त्या वर्षी त्यांची होती. आमच्याकडे सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायचं, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. पाचव्या घरच्या आजींनी त्यांना रस्त्यातच धरलं.

"प्रमुखबाई, पाटी पाठवता की नुसत्याच मिरवता? कचऱ्याचा वार बदललेला आम्हाला कळलाच नाही!"

पाटी चौथ्या घरी सापडली, चपलांच्या कपाटावर. पाटीवर चार शिक्के.

"तिच्या झाडाची पानं माझ्या अंगणात पडतात," चौथ्या घरचे हातागावा-सान म्हणाले. "मी नाही तिच्या दारात जायचा."

बाईंनी पाटी उचलून पाचव्या घरी दिली. आणि परतताना जागच्या जागी थांबल्या.

गुरुवारी सकाळी माझ्या काचकामाच्या खोलीत त्यांचं डोकं आत आलं. "आजोबा ठणठणीत आहेत हो! चौथ्या घराचं पाचव्याशी बोलणं नाही!"

"कुणाच्या गल्लीत?"

"साखरेच्या!"

एकतीस वर्षांत हाताखालून गेलेल्या साखरांपैकी चौथ्या घरी रुसून बसणारी कोणती, हे त्यांना आठवलं होतं. कपाटातून दोन बाटल्या निघाल्या, एक ग्लुकोजची, दुसरी तिची जुळी म्हणावी अशा गॅलॅक्टोज साखरेची. तीच माळ, तेच एकशे वीस मिलिसेकंद. ग्लुकोजमध्ये आजोबांनी निरोप बिनबोभाट सहाव्या घरी पोचवला. गॅलॅक्टोजमध्ये निरोप चौथ्यावर थांबला. तिथला हायड्रोजन तोंड फिरवून बसलेला असतो, पाचव्याशी त्याचं जवळपास काही देणंघेणं नसतं. सेन्सेईंच्या पाल्यातल्या साखरेचा आलेख या दुसऱ्यावर ठेवला, तर खाली कुणाचा आणि वर कुणाचा सांगता येईना.

शुक्रवारी बाई तीन कागद घेऊन बैठकीत शिरल्या.

"अरे वा, चहा आला!" प्रमुख म्हणाले.

"चहा कपाटात आहे," बाई म्हणाल्या. "मी बोलायला आलेय."

आणि बोलल्या. तिन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी मांडले. होरिगोमे-सेन्सेईंनी कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले. त्यांचे कान लाल झाले.

"साखर ओळखता आली नाही ती मला," ते उठून म्हणाले, "आणि नावं ठेवली यंत्राला." कमरेत पार काटकोनात वाकले.

"मला कशाला?" बाई म्हणाल्या. "तळघरात जाऊन वाका. पट्टा काढून."

हेलियमची मागणी त्याच बैठकीत नोंदली गेली. सेन्सेई खरंच खाली गेले. एका हाताने पँट धरून वाकणं दिसतं तितकं सोपं नाही. बाई शेजारी उभ्या राहून पिंपाला म्हणाल्या, "आजोबा, नवीन आहेत ते. मनावर घेऊ नका."