लाकडी राहू दे, लोखंडी येऊ दे

लग्न होऊन वाणगावहून पालघरला आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की सासर सुताराचं असलं तरी दिवाळीनंतर ते जत्रेजत्रेतून फिरतं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सागाचा रहाटपाळणा स्वतःच्या हातांनी घडवला होता. पाळणे चार, आणि फिरवायला इंजिन वगैरे काही नाही. वरून येणारा पाळणा खांद्याच्या जोरावर खाली ओढायचा, दुसरा वर ढकलायचा. एका बाजूला मामंजी, दुसऱ्या बाजूला माझे यजमान.

माणसं बसवायची तीसुद्धा वजन बघून. सातपाटीची भरल्या अंगाची कोळीण आली, की मामंजी समोरच्या पाळण्यात दोन किडकिडीत बाप्ये बसवत. ती हसून म्हणे, "काय रं म्हाताऱ्या, मला तोलतो काय?" मामंजी लाजत. मला त्यांचं ते लाजणं फार आवडायचं. माहेरी मला वडील नव्हते, त्यामुळे मामंजींवर माझा जीव जरा जास्तच होता, हे आधीच सांगून टाकते.

मग तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं. यजमान तिथं सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला जाऊ लागले. बोईसरच्या बाजारात घाटावरचे, हिंदी बोलणारे, कुठकुठले कामगार दिसायला लागले. एके दिवशी जेवता जेवता यजमानांनी जाहीर केलं, की एका जत्रावाल्याचा लोखंडी रहाटपाळणा मिळतोय, आठ पाळण्यांचा, इंजिनावर चालणारा. तो घ्यायचा आणि लाकडी मोडून टाकायचा.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "मोडायचा? का म्हणून? नवा आणा की, पण जुन्याच्या शेजारी उभा करा."

"दोन कोण फिरवणार? बाबांचा खांदा आता..."

"बाबांना पुढं करू नका. तुम्हाला नव्याची हौस आलीय, तसं बोला."

मामंजी भात कालवत राहिले. मला वाटलं, बिचाऱ्यांचा जीव तुटतोय, पण पोरापुढं बोलवत नाही. झालं, मी पदर खोचला. तोंडाळ तर मी पहिल्यापासूनची. आठ दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही, नुसती भांडी आदळत होते. शेवटी यजमान वैतागून म्हणाले, "दोन्ही नेऊ. मिटव एकदाचं."

जत्रेत दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिले. लोखंडीवर यजमान आणि त्यांचे कामावरचे दोन सोबती. लाकडीवर मामंजी आणि, यजमानांच्या जागी, मी. सून पाळणा ओढते म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसोत बापड्या. लोकांची झुंबड लोखंडीवर, आमच्याकडे जुन्या ओळखीच्या कोळणी तेवढ्या आल्या. तरी मी खूश होते. जिंकले होते ना.

दुपारी गर्दी ओसरली तसे मामंजी उठून लोखंडी पाळण्याकडे गेले आणि यजमानांना म्हणाले, "मला बसव." जन्मभर पाळणा फिरवलेला माणूस, पण स्वतः कधी बसलाच नव्हता, तो बसला तर ओढणार कोण? मी खालून बघत होते. वर गेल्यावर त्यांनी समुद्राकडे तोंड केलं. दांडी धरली होती डाव्या हातानं. उजवा मांडीवर नुसता पडून होता.

उतरल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "सातपाटीची शिडं दिसतात गं वरून," म्हणाले. मग जरा थांबून, "बाय, लाकडी उद्या मोडू या. हा हात दोन वर्षं झाली, नीट वर जात नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू माझ्यासाठी भांडत होतीस. माझ्यासाठी असं कुणी कधी भांडलं नव्हतं. म्हटलं, एक जत्रा ओढून टाकू."

चार लोकांत सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो, पण मी त्यांचा खांदा चोळायला घेतला. बोटं टेकताच ते कळवळले. सकाळपासून मी त्यांच्या समोर उभी राहून, हसत हसत, त्या खांद्याकडून पाळणा ओढवून घेत होते.