अधिक महिन्यात बंद पडणारा प्रोग्राम

आमच्या मामांना तापायला कारण लागत नाही, आणि मी त्यांचीच भाची. त्यामुळे रेवसजवळच्या त्यांच्या घरी मी लॅपटॉप घेऊन बसले, की शेजारची वहिनी आपली खिडकी लावून घेते.

मी शाळेत असताना मामा-मामीनं मिळून एक प्रोग्राम लिहिला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण पाणी किती चढेल, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खारबांधाची उघाडी, म्हणजे झडप, कधी लावायची, तेही तो सांगायचा. पंचांगाचा भाग मामीचा, पाण्याचा मामांचा.

फक्त अधिक महिना लागला की तो बंद पडायचा. मामा म्हणायचे, तुझं पंचांग चुकलं. मामी म्हणायची, माझं बरोबर आहे, आत बघा. आत बघायची सोय तेव्हा होती. प्रोग्राम मेला की कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, त्याच्या स्मृतीची प्रत एका फाइलीत उतरवून ठेवतो. सुरुवातीला एक ठरलेली रचना असते: कोड कुठे, डेटा कुठे, अर्धवट कामांची चळत म्हणजे स्टॅक कुठे, मरताना रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या हातात, काय होतं. तिच्या आधारानं मेलेल्याचं पोट उघडता येतं. मामांनी उघडलं नाही. एकदा चारचौघांत म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं. मामी उठली, आणि पुन्हा म्हणून त्या कॉम्प्युटरसमोर बसली नाही. बाकी संसार नीट चालला हो, पण तो विषय निघाला की ती भांडी घासायला जायची.

मामी गेली. यंदा अधिक महिना लागला आणि मामा म्हणाले, “बाय, एकदा बघून दे. तिचं नक्की कुठं चुकलं ते.”

अस्सा राग आला मला! माणूस गेलं तरी हिशेब तिचाच काढायचा? म्हटलं, नवा प्रोग्राम दुपारपर्यंत लिहून देते. नको म्हणाले, हाच बघ.

आणि हाच तर बघता येत नव्हता. मूळ लिखाण पुराच्या पाण्यात गेलेलं, उरला होता तयार प्रोग्राम, तोही अशा जुन्या घडणीच्या फाइलीत की नव्या कर्नलनं ती घडणच काढून टाकलेली, मेल्यावरच्या प्रतीच्या त्या रचनेसकट. वापरणारं कोणी उरलं नाही, असं धरून. मी जुना कर्नल लॅपटॉपमधल्याच एका बंदिस्त, आभासी मशीनमध्ये उठवला, प्रोग्रामला मरू दिलं, जुन्या कर्नलच्या फाइलींतून ती रचना शोधून ती वाचणारं साधन स्वतः लिहिलं. शिव्या घालत घालत, पण लिहिलं.

फंक्शनांची नावं शाबूत होती, त्यामुळे कुठला भाग कुणाचा ते कळत होतं. मामीच्या भागानं अधिक महिना बरोबर ओळखून त्याला तेरावा क्रमांक दिला होता. पुढे मामांच्या तक्त्यात महिने बाराच. तेराव्या जागी भलताच पत्ता, तिथं हात घातला की प्रोग्राम खलास.

मामा चहा घेऊन आले. मी म्हटलं, “चूक तुमच्या तक्त्यात आहे मामा. मामीचं बरोबर होतं.”

मला वाटलं, आता तापतील. ते खाली बसले. पुन्हा दाखव म्हणाले, मी दाखवलं. मग मी त्या तयार प्रोग्राममध्येच तक्त्यासाठी जागा करून दिली, तेरावा महिना बसवला, आणि प्रोग्राम सुरळीत चालला. मामांनी पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“चालला व्हय,” ते म्हणाले. “पण आता हे सांगू कुणाला?”