निकम सर आणि काश्यप गोत्राचा योहान

काम सुरू करण्याआधी निकम सर डोळे मिटून बसत. नोकरीच्या पहिल्या सकाळी मला वाटलं, झोप लागलीय. द्वारका नावाच्या गजबजलेल्या चौकात, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. खाली ट्रकचे हॉर्न, रिक्षावाल्यांची भांडणं आणि वर हा धिप्पाड माणूस कॉम्प्युटरसमोर समाधी लावून बसलेला. ओठ मात्र हलत होते. जवळ गेले तर परदेशी नावं ऐकू आली, एका लयीत, स्तोत्र म्हणावं तशी. डोळे उघडून ते म्हणाले, "बस पोरी. आपल्या माणसांची आठवण काढत होतो."

ही 'आपली माणसं' त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या सोसायटीसाठी आम्ही एक प्रोग्राम केला होता. प्लॉटची छाटणी कधी झाली ते त्यात भरलं, की आज छाटणीनंतरचा कितवा दिवस आणि आज कोणती फवारणी, हे तो सांगे. त्यातलं आमच्या हातचं थोडंच. बाकीचे तुकडे ओपन सोर्सचे, म्हणजे जगात कुठे कुठे बसून लोकांनी लिहिलेले आणि सगळ्यांसाठी मोकळे सोडलेले. असा एखादा नवा तुकडा, आमच्या भाषेत लायब्ररी, मी आणला, की सर आपल्या सटाण्याकडच्या बोलीत विचारत, "हाई कोनं शे?" हे कोणाचं आहे, एवढं कळल्याशिवाय ते त्याला हात लावू देत नसत.

आणि एवढ्यावर भागत नसे. त्या तुकड्यानं आपल्यासोबत आणखी कोणाला आणलंय, हेही शोधायचं. मी एकदा कंटाळून म्हटलं, "सर, आपण तर फक्त रिपोर्ट छापणारी लायब्ररी घेतली. तिच्या पोटात काय आहे त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"लग्नाचं आमंत्रण आपण एकाला दिलं," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तो मेव्हण्याला घेऊन आला. मेव्हण्यानं शेजाऱ्याला आणलं. आता पंगतीत वाढायला नेमका तो शेजारीच उभा आहे. त्याला ओळखत नाही म्हणून हाकललंस, तर पानावर काय पडेल?"

आमच्या मालकांनी एकदा त्याला खरंच हाकललं. सर गावी गेले होते, सोसायटीचा प्रोग्राम चालायचा त्या ऑफिसातल्या मशीनमध्ये जागा उरली नव्हती, आणि तारखांचा हिशोब करणारी एक चिमुकली लायब्ररी मालकांच्या नजरेला पडली. आमच्या प्रोग्राममध्ये तिला कुठेच हाक मारलेली नव्हती. "रिकामटेकडी दिसतेय," असं म्हणून त्यांनी ती काढून टाकली. खरं तर आमची रिपोर्ट छापणारी लायब्ररी तिच्यावाचून एक पाऊल टाकत नसे. सकाळी दिंडोरीहून फोन: "ओ साहेब, ट्रॅक्टर भरून उभा हाय, आन तुमचं मशीन तोंडच उघडत नाय. फवारायचं काय आज?" सर सटाण्याच्या गाडीतून उतरून तसेच ऑफिसात आले, बॅग खांद्यालाच. "शेजाऱ्याला हाकललं वाटतं," एवढंच म्हणाले आणि ती लायब्ररी परत जागेवर बसवली.

ती लायब्ररी योहान नावाच्या नॉर्वेतल्या एका निवृत्त शिक्षकाची होती. सरांनी त्याला आभाराचं पत्र लिहिलं आणि मग दोघांच्या ईमेलींत खंडच पडला नाही. मोडेम कुरकुरत जोडला जाई, आणि कधी बर्फाची बातमी येई, कधी इथून घड भरल्याची जाई. सर ती पत्रं मोठ्यानं वाचत. तेवढा वेळ खालचे हॉर्न मला ऐकू येत नसत. वाटे, आपलं ऑफिस कुठल्यातरी पांढऱ्या शांत गावात आहे.

मग एक दिवस योहाननं कळवलं, की आता तब्येत साथ देत नाही. लायब्ररी सांभाळायला कोणी पुढे येईल का, असं त्यानं सगळ्यांना विचारलं होतं. वापरणारे असंख्य, पण उत्तर कोणाचंच नव्हतं. ती बेवारस होणार, हे सरांना सहन होईना. त्यांनी ती मागून घेतली.

"आपला काय संबंध?" मालक म्हणाले. "आपण तर ती घेतलीसुद्धा नव्हती."

"घेतली नव्हती, पण त्याच्या जिवावर उड्या तर आपणच मारतोय," सर म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी गेल्यावर ते त्याच कामाला बसत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझ्याजवळ गाऱ्हाणं मांडत, "घरचा नळ गळतोय तो दिसत नाही यांना. नॉर्वेतलं गळकं तेवढं दिसतं."

योहान गेल्याचं त्याच्या मुलीनं कळवलं. त्या वर्षी सर्वपित्रीला सर गोदावरीवर गेले, मलाही बोलावलं. आईवडिलांच्या नावानं पाणी सोडून झाल्यावर त्यांनी योहानचं नाव घेतलं. गुरुजी थबकले. "गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप म्हणा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ज्याचं गोत्र माहीत नाही, तो काश्यप."

ओंजळीतून तीळ आणि पाणी सुटलं, आणि बर्फातला तो मास्तर आमच्या नदीतून सावकाश वाहत गेला. मला रडू आवरलं नाही.

पुढे सरांच्याच किडन्या थकल्या. मी भेटायला गेले की तब्येतीचं बोलणं ते उडवून लावत आणि लायब्ररीचीच विचारपूस करत. एकदा माझा हात धरून म्हणाले, "पोरी, बेवारस नको होऊ देऊ." मी सांभाळीन म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. थंडी संपता संपता ते गेले.

लायब्ररीच्या इंटरनेटवरच्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या: सर गेले, यापुढे हे मी बघेन. मग जगभरातून निरोप यायला लागले. कोणी बंदरावर जहाजांच्या तारखा लावणारा, कोणी इस्पितळात औषधांच्या पाळ्या बघणारा. बहुतेकांनी लिहिलं होतं, आपण यांच्यावर अवलंबून आहोत हे आज, ही बातमी वाचून कळलं.

तेरावं आटोपल्यावर मी ते सगळे निरोप छापून नेले आणि काकूंना मराठीत सांगत बसले. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतकी माणसं होती यांची? आणि चहाला कधी एकही आला नाही."

मग त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. घरात आम्ही दोघीच होतो, पण त्यांनी पातेलं मोठं घेतलं.