कोथिंबिरीच्या नावाने मागितलेले धने

उन्हाळी लागली की धने रात्री भिजत घालायचे आणि सकाळी गाळून ते पाणी प्यायचं. शाळा दुसरीत सुटली तरी एवढं मला कळतं. पण येरवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये धन्याचा डबा सुनेच्या ताब्यात, आणि लघवीला जळजळ होते हे सुनेला सांगणं आमच्यात बसत नाही. मी म्हटलं, "मूठभर धने दे. कुंडीत कोथिंबीर पेरतो."

"रगडून पेरा, बाबा," ती म्हणाली.

दोन दिवस धन्याचं पाणी प्यालो, वर तांब्या तांब्या साधं पाणी. जळजळ जराशी कमी झाली. मग सुनेने स्वतःच आणखी धने पुढे केले.

"कुंडी तर कोरडी आहे. प्या पाणी, पण थंडी-ताप आला तर सरळ दवाखाना. तेव्हा मी विचारत बसणार नाही."

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी हुडहुडी भरली. तिने रिक्षा बोलावली, मी गुपचूप टोपी घातली. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तशी ती बाहेर जायला उठली.

"बस," मी म्हटलं. "गोळ्या तूच देणार आहेस." आणि तिच्यादेखत सगळं सांगितलं.