फोनने विचारलं, यांनी सांगितलं
आमचे हे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत दिवसभर एकच प्रश्न: "हे बरं की हे बरं?" वर ताकीद, "दिसतंय ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका." उभा जन्म यात गेल्यामुळे यांना कुणीही काहीही विचारलं की हे खरं उत्तर देतात. लग्नानंतर माझ्या पहिल्या स्वयंपाकालाही दिलं होतं. असो.

मध्यंतरी फोनवर नवी सोय आली. काय पाहायचं ते म्हणे आता आपणच ठरवायचं. प्रत्येक फोटोखाली प्रश्न, असं आणखी दाखवू की कमी करू? हे खूश. "चला, विचारायची अक्कल तरी आली," म्हणाले आणि इमानेइतबारे उत्तरं देत बसले.

त्याच सुमारास परगावी माझ्या धाकट्या नणंदेचे उपचार सुरू झाले. केस गेले, गाल बसले, पण बाई खमकी. रोज दवाखान्यातून स्वतःचा फोटो टाकायची. मी बघून बदाम पाठवायचे. मला वाटलं, हेही बघत असतील.

एक दिवस तिचा मला फोन. "वहिनी, दादा माझ्यावर रागावलाय का गं? एका शब्दानं विचारत नाही."

मी तडक माझा फोन यांच्या नाकासमोर धरला. फोटो बघून यांचा चेहराच उतरला.

"हे कधीचे? मला तर काहीच येत नाही. मला वाटलं, बरी झाली, म्हणून टाकत नाही."

मग आठवलं. केस गेल्याचा पहिला फोटो आला, तेव्हा फोनने विचारलं होतं आणि यांनी मनातलं सांगितलं होतं: कमी करा.

"अगं, तिला तसं बघवेना मला. पण म्हणून त्यानं तिलाच काढून टाकायचं? मी फोटोबद्दल बोललो की माणसाबद्दल?"

मला तरी काय कळतंय डोंबल! दोघंही फोनशी झटापट करत बसलो. 'आणखी दाखवा' दाबलं, तर भलत्याच आजारी माणसांची रीघ लागली. त्यात आमची कुठेच नाही. यांचा रागही येत होता आणि कीवही.

शेवटी यांनी सरळ तिला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"तू नको होतीस असं नाही गं. तुझं हे आजारपण नको होतं."

पलीकडून ती म्हणाली, "मलाही नकोच होतं, दादा. पण मला कुठं कुणी विचारलं?"