तुळजाचे मेसेज माझा फोन वाचायचा

"तुझं ते ॲप चालत नाही," राव सर काऊंटरवर फोन आपटून म्हणाले.

चालत होतं. फक्त त्यांच्या फोनवर नाही, माझ्या.

तंजावरला राजवाड्यामागल्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिसरी नापास. दोनदा. दुसऱ्यांदा मास्तर म्हणाले, तू घरीच राहा, बाकावर जागा होईल. काच बसवतो, स्पीकर बदलतो, पण वाचायला येत नाही. म्हणून माझा फोन आलेला मेसेज मोठ्यानं बोलून दाखवतो. ही सोय आंधळ्यांसाठी असते. डोळे असलेल्या आंधळ्यालाही चालते.

राव सर सरकारी ऑफिसात आहेत. चार दिवसांपूर्वी मुलीचा फोन घेऊन आले होते. मुलगी तुळजा, बारावीत. काच फुटलेली.

"काच बसव. आणि तिला कळू न देता ते मेसेज बघायचं ॲप टाक."

"सर, तिला एकदा विचारून..."

"विचारून टाकायचं तर तुझ्याकडे कशाला येऊ? दर शनिवारी तिरुवैयारुला वीणेच्या क्लासला जाते, दोन तास उशिरा येते. कोणी मुलगा निघाला तर वीणा बंद, फोन बंद, सगळं बंद."

मी टाकलं. नाही म्हणायला तोंड होतं. ते मी फिल्टरची कापी प्यायला वापरलं.

ॲपचं काम सोपं आहे. पोराच्या फोनमधले मेसेज ते आईबापाच्या अकाऊंटवर पाठवतं. अकाऊंट उघडायला नंबर लागतो, त्या नंबरावर ओटीपी येतो, म्हणजे खात्रीचे आकडे. दर वेळी गिऱ्हाइकाला फोन करून आकडे विचारायचा कंटाळा, म्हणून मी सगळ्यांना माझाच नंबर घालतो आणि मागून बदलतो. या वेळी मागून बदलायचं विसरलो. अकाऊंट माझ्याच फोनवर राहिलं. सरांच्या फोनवर नुसतं ॲपचं चित्र.

त्याच संध्याकाळी माझा फोन बोलायला लागला. घरात मराठी बोलली तरी शाळा तमिळ, म्हणून आमची पोरं लिहितात तमिळ. फोननं मला तमिळमध्ये सांगितलं, "आत्या, शनिवारी कावेरीच्या पायऱ्यांवर ये. मी क्लास सुटला की येते."

मुलगा नव्हता. आत्या होती. सरांची धाकटी बहीण. आठ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं जातीबाहेर लग्न केलं. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघत नाही. आमच्या गल्लीत कुत्र्यालाही हे माहीत आहे.

मी तेव्हाच ॲप काढायला पाहिजे होतं. नाही काढलं. तीन दिवस ऐकत बसलो. बायको आतून विचारायची, "कुठली सीरियल लावलीय हो?"

चौथ्या दिवशी सर समोर उभे. "चार दिवस झाले, एक मेसेज नाही! तुला काम येतं का?"

"बघतो सर," म्हणून मी त्यांचा फोन हातात घेतला. तेवढ्यात काऊंटरवरचा माझा फोन बोलला. आवाज पूर्ण वर, कारण दुकानासमोरच बस वळते.

"तुळजा, दादाची शुगर किती आली?"

सर माझ्या फोनवर वाकले. माझ्या फोनला लाज नाही. त्यानं उत्तरही वाचलं.

"कमी आलीय आत्या. तू सांगितलेली मेथी रोज घेतात अप्पा. त्यांना वाटतं अम्माचा शोध आहे."

मी झडप घालून फोन बंद केला. सर लालबुंद.

"दे इकडे. सगळं वाच. पहिल्यापासून."

"मला वाचता येत नाही."

"मग मी वाचतो. दे!"

"नाही देत."

"काम माझं, मुलगी माझी!"

"मुलगी तुमची. मेसेज तिचे."

"तू मला शिकवतोस? तिसरी नापास!"

"दोनदा," मी म्हटलं. आणि त्यांच्यासमोर अकाऊंट उडवलं. बटण कुठलं ते चित्रावरून ठाऊक होतं. घाईत दोनदा चुकीचं दाबलं. तिसऱ्यांदा गेलं.

"या गल्लीत तुझ्याकडे कोणी पाय ठेवणार नाही. मी बघतो."

"बघा."

ते गेले. मी तुळजाला बोलावून तिच्या फोनमधलं ॲप तिच्यासमोर काढलं. सगळं सांगितलं. तीन दिवस ऐकलं तेही.

"अप्पांनी टाकायला लावलं ते समजलं," ती म्हणाली. "तुम्ही का ऐकलंत मामा?"

मी तिच्या फोनची पुसलेली काच परत पुसत बसलो.

सरांच्या ओळखीची चार गिऱ्हाइकं खरंच तुटली. तुटोत. आता कोणी ते ॲप मागितलं तर मी म्हणतो, पोराला बरोबर आणा, त्याच्यासमोर टाकतो. बहुतेक जण परत येत नाहीत.

पंधरा दिवसांनी सर आले. वीणा चालू होती, फोनही चालू होता, एवढं मला गल्लीतून कळलं होतं. काऊंटरशी उभे राहून खाली बघत म्हणाले, "तो... तिचा नंबर तुझ्याकडे असेल."

"पुसला सर. तुळजाला विचारा."

"तिला कसं विचारू?"

"तोंडानं."

त्यांनी फोन खिशात टाकला. मग गेले. विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची सोय मीच काढून टाकली होती.